फेरात राखलेली जागा

मी एक जुना पाय आहे. माणसाचा नव्हे, टेबलखुर्चीचाही नव्हे, नाताळच्या झाडाचा. ओतीव लोखंडाचे तीन पंजे, मधोमध पाण्याचा खोलगट पेला आणि पेल्याच्या काठाला बुंधा आवळून धरणारे तीन स्क्रू, एवढाच माझा देह. जंगलातून ताजं तोडून आणलेलं फरचं झाड माझ्यात उभं करतात. मग वर तारा लागतो, मेणबत्त्या लागतात, लाल-पांढऱ्या कागदांची विणलेली हृदयं झुलतात, आणि सगळे माना वर करून बघत राहतात. खाली माझ्याकडे कोण बघणार? पण मित्रांनो, मी मात्र सगळ्यांना बघत आलो आहे. कुणाचा मोजा टाचेवर विरला आहे, कुणाचा गुडघा दुखतो आहे, कोण गाता गाता थबकलं, हे मला जमिनीवरून कळतं. चेहरा लोकांना दाखवायला हसून घेतो, पण पायांना ते सोंग फारसं जमत नाही.

माझा जन्म डेन्मार्कात, लिमफिओर्ड नावाच्या खाडीकाठच्या एका लहानशा ओतकामाच्या कारखान्यात झाला. ओल्या वाळूच्या साच्यात रसरशीत लोखंड ओतलं आणि मी थंड होत होत आकाराला आलो. माझ्या पंजांवर वेलबुट्टी आहे. एका पंजावर वाळूचा खडा अडकल्यामुळे एक पान अर्धंच उमटलं. ओतारी माझ्याकडे बघून म्हणाला, "चालतंय! झाड काय खाली वाकून पानं तपासणार आहे?" आणि त्याने मला विक्रीच्या फळीवर ठेवून दिलं.

तिथून मला आक्सेलने नेलं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. आठवडाभर तो गावच्या डेअरीत दुधाच्या कॅनांशी झटापट करायचा आणि रविवारी चर्चमध्ये स्तोत्रांचा सूर उचलायचा. काय गळा दिला होता देवाने त्याला! पाद्रीबाबांचं प्रवचन चांगलंच असे, पण घरी जाताना लोकांच्या ओठांवर राही ते आक्सेलचं गाणं. त्याने पहिला स्वर लावला, की म्हाताऱ्याकोताऱ्यांचे, कुरकुऱ्यांचे, बेसुरांचे गळेसुद्धा त्याच्यामागून मुकाट्याने चालू लागत. देवाचं नाव घ्यायला आधी कुणीतरी बोट धरावं लागतं ना, तसा त्याचा आवाज सगळ्यांचं बोट धरायचा.

पहिल्याच नाताळाला त्याने घोळ घातला. एकटाच जंगलात गेला आणि असं जाडजूड झाड घेऊन आला, की बुंधा माझ्या पेल्यात शिरेना. मग अंगणात कुऱ्हाडीने तासत बसला. आत भट्टीत बदक करपलं. त्याची आई, गुद्रुन, कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "वा रे माझ्या बाळा! पायाचं माप न घेता बूट आणलेस!" त्याची बायको बोदिल इतकी हसली, की तिला पायरीवर बसावं लागलं.

तेव्हापासून झाड आणायला मीही जाऊ लागलो. हातगाडीत गोणपाट अंथरून मला बसवायचे, शेजारी करवत. आणि त्याच वर्षापासून गुद्रुनने सगळ्यांनी मिळून झाड निवडायची एक रीत घालून दिली. ती ऐका, कारण माझी सगळी कथा तिच्यातच आहे.

आमच्याकडे नाताळच्या संध्याकाळी झाड खोलीच्या मध्यावर आणतात, मेणबत्त्या पेटवतात, आणि घरातली सगळी माणसं हातात हात घालून, गात, त्याच्याभोवती फेर धरतात. मेणबत्त्या खऱ्या, ज्योती खऱ्या. झाड फार पसरट असलं की बाह्या फांद्यांना लागतात आणि पेट घ्यायची भीती. म्हणून गुद्रुनने ठरवलं, की झाडाला करवत लावायच्या आधी जंगलातच त्याच्याभोवती फेर धरून बघायचा. हात ताणून सगळ्यांची बोटं बोटांत अडकली पाहिजेत आणि कुणाच्या बाहीला फांदी घासता कामा नये. फेर मिटला, तर ते झाड आपलं. नाही मिटला, तर पुढे चला.

घरात एस्बेन जन्मला, मग बऱ्याच वर्षांनी टोवे जन्मली, आणि आमचं झाड मोठं होत गेलं. झाडांची राखण करणारी पेट्रेया नावाची बाई होती, तोंडाची फाटकी, मनाची सोन्यासारखी. आम्ही दिसलो की तिचं सुरू व्हायचं.

"आले! आता माझी अख्खी ओळ तुडवणार. अहो, लोक लेकीला नवरा बघतात तेव्हाही एवढे फेरे मारत नाहीत!"

"नवरा बदलता येतो, पेट्रेयाबाई," गुद्रुन म्हणायची, "झाड एकदा कापलं की कापलं."

आणि मग त्या दोन पोरांची जुगलबंदी.

"टोवे, हात ताण की जरा! तुझ्यामुळे दरवर्षी झाड बुटकं येतं."

"माझे हात माणसाचे आहेत, दादा. तुझे माकडाचे."

"माकडाची बहीण कोण असते गं?"

"बाबा, बघा ना हा!"

आक्सेल त्यांना दटावण्याऐवजी एखादं स्तोत्र गुणगुणू लागायचा आणि दोघं आपोआप त्याच्या सुरात सूर मिसळायची. बर्फात उभी ती पाच माणसं, मधे हिरवं झाड, आणि हातगाडीत मी. मला आणखी काय हवं होतं?

नाताळच्या संध्याकाळी जेवणाच्या शेवटी तांदळाची गोड खीर असे. तिच्यात एक अख्खा बदाम लपवलेला. ज्याला तो सापडेल त्याला बक्षीस. एस्बेनला सापडला, की तो लबाड बदाम गालात दडवून चेहरा साळसूद करून बसायचा आणि बाकीचे शोधाच्या नादात पोट फुटेस्तोवर खीर खात राहायचे. मग दार उघडायचं, माझ्यावर उभं असलेलं उजळलेलं झाड दिसायचं, सगळे फेर धरायचे. आक्सेलने पहिला स्वर लावल्याशिवाय कुणी पाऊल उचलायचं नाही, असा शिरस्ता होता. त्याचा स्वर लागला, की माझ्याभोवती पाय फिरू लागायचे. गुद्रुनचे घासत चालणारे, बोदिलचे हलके, एस्बेनचे धसमुसळे, आणि टोवेचे, ती निम्मा वेळ हवेतच असायची.

गुद्रुन गेली त्या वर्षी बोदिलनेच जंगलात सांगितलं, "आई गेल्या. झाड थोडं लहान घ्या." तिचे डोळे भरले होते, पण तिनेच फेर आवळून घेतला. घरात पाळणा हलला की झाड मोठं, माणूस गेलं की झाड लहान. गेलेल्याला हात जोडून निरोप देण्याचीच ती एक तऱ्हा होती.

एस्बेन मोठा झाला आणि पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीच्या बोटीवर लागला. तो आल्याशिवाय झाड निवडायला कुणी जायचं नाही, हे ठरलेलं. टोवे कुंपणावर चढून रस्त्याकडे डोळे लावून बसायची. तो यायचा, तिला उचलून खांद्यावर टाकायचा, आणि मला हातगाडीत ठेवता ठेवता म्हणायचा, "चल रे लंगड्या!" तीन पंजांचा म्हणून मी लंगडा. मला ते नाव फार आवडायचं.

मग एका नोव्हेंबरात उत्तर समुद्रात वादळ झालं. एस्बेनची बोट परत आली नाही. किनाऱ्याला काही फळ्या लागल्या, एक जाळं लागलं. माणसं लागली नाहीत. चर्चमध्ये प्रार्थना झाली, आणि गावातले सांगत होते, की आक्सेलने स्वतः उभं राहून स्तोत्र म्हटलं, एक स्वर हलला नाही. पण पुरायला काही नव्हतं, मित्रांनो. दफनभूमीत मूठभर माती टाकायलाही जागा नव्हती. अशा दुःखाला बसायला पाट मिळत नाही. ते घरभर उभंच राहतं.

डिसेंबर आला. टोवे नऊ वर्षांची होती. तिनेच मला कोठीतून ओढून काढलं, माझा पेला पुसला आणि मला आईबाबांसमोर नेऊन ठेवलं.  तिला वाटत असणार, झाड आलं, फेर धरला, बाबा गायले, की घर पुन्हा घरासारखं होईल. तेवढीच तिची मागणी होती.

जंगलात त्या वर्षी पेट्रेयाने थट्टा केली नाही. ती त्यांना मुकाट्याने लहान झाडांच्या ओळीकडे घेऊन गेली. बोदिल तिथे थांबलीच नाही. थेट पुढे गेली आणि एका ऐसपैस झाडापाशी उभी राहिली.

"हे."

"बोदिल," आक्सेल हळू म्हणाला, "आपण तिघं आहोत."

"चौघं."

"फेर मिटणार नाही गं."

"मिटेल. तो आला की मिटेल. मी त्याची जागा मोडणार नाही."

त्यांनी हात धरले. टोवेने दोन्ही बाजूंनी आईबाबांचे हात पकडले आणि अशी ताणली, अशी ताणली, की तिचा गाल फांद्यांत रुतला. "आई, बघ, मी दादाएवढे ताणतेय! बघ ना!" पण आई बघत होती समोर, तिच्या आणि आक्सेलच्या मोकळ्या हातांमध्ये उरलेल्या जागेकडे. आक्सेलही तिकडेच बघत होता. पेट्रेयाने तोंड फिरवलं आणि करवत पुढे केली.

नाताळच्या संध्याकाळी ते मोठं झाड माझ्यात उभं राहिलं. शेजारच्या खोलीत चमचे वाजत होते, बोलणं ऐकू येत नव्हतं. खिरीतला बदाम कुणाला सापडला हे कुणी विचारलंसुद्धा नाही. मग मेणबत्त्या पेटल्या, दार उघडलं, आणि माझ्यासमोर पायांच्या तीन जोड्या येऊन उभ्या राहिल्या. टोवेने बूट घासूनपुसून लख्ख केले होते.

सगळे आक्सेलच्या पहिल्या स्वराची वाट बघत होते. त्याने श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. मी त्याला किती वर्षं ऐकत आलो होतो, पण इतकी मोठी शांतता त्याच्या छातीत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"म्हण ना," बोदिल म्हणाली.

"कुणाकडे बघून म्हणू? त्या भोकाकडे?"

"भोक नाही ते. त्याची जागा आहे."

"भोकच आहे! माझ्या घराच्या मधोमध तू भोक पाडून ठेवलंस, आणि वर म्हणतेस गा!"

"तुला तो मेलेला हवाय. म्हणजे तुला लहान झाड घेऊन मोकळं होता येईल."

यावर आक्सेलने हात सोडला. बोदिलच्या बाजूचा नव्हे, तो आधीच मोकळा होता. मित्रांनो, त्याने टोवेचा हात सोडला. त्याचे पाय वळले आणि दाराबाहेर गेले. "बाबा, मी लावू सूर? मला येतं सगळं," टोवे म्हणाली.  थोड्या वेळाने बोदिलचे पायही गेले.

मग टोवेच्या त्या लख्ख बुटांनीच तेवढी झाडाभोवती एक फेरी मारली. ती गात होती, अगदी बारीक आवाजात, बापासारखा सूर धरायचा प्रयत्न करत. फेरी पुरी झाल्यावर ती माझ्याजवळ बसली. तिने मूठ उघडली. खिरीतला बदाम तिलाच सापडला होता. तो तिने माझ्या पेल्यातल्या पाण्यात सोडला, आणि मग एकेक मेणबत्ती विझवली, मोठ्यांनी शिकवलं होतं तशी, खालून वर, शेवटच्या खुर्चीवर चढून.

त्यानंतर त्या घरात झाड आलं नाही. बोदिल लहान झाड येऊ देईना, आक्सेल मोठं. दोघांचंही एस्बेनवर जिवापाड प्रेम होतं. हीच तर रडायची गोष्ट आहे. वैर असतं तर केव्हातरी मिटलं असतं.

मी कोठीत पडलो. आधी रंगाच्या डब्यांखाली, मग दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला टेकू. स्क्रू गंजून जागच्या जागी बसले. पेल्यात कोळ्याने घर केलं. वर्षानुवर्षं मला ऐकू यायचं ते फक्त दारापाशी थांबलेल्या लोकांचं बोलणं. टोवे शिकायला कोपनहेगनला गेली, तिथेच नोकरीला लागली. उन्हाळ्यात यायची. एकदा बोदिल तिला म्हणाली, "नाताळला ये की गं कधी."

"कशाला, आई? तुम्ही दोघं दोन खोल्यांत बसता. मी कुठल्या खोलीत बसू?"

बोदिल हातातली बादली घेऊन घरात निघून गेली. 

बोदिल गेली तेव्हा टोवेचे स्वतःचे केस पांढरे व्हायला लागले होते. आणि आक्सेलच्या आठवणी लोण्यासारख्या वितळू लागल्या होत्या. सकाळचं दुपारी राहायचं नाही. टोवे डिसेंबरात राहायला आली. कोठीत आली, मला उचललं, तारेच्या ब्रशने माझा गंज खरवडला, स्क्रूंत तेल सोडलं. मी इतक्या वर्षांनी हललो.  मला कळलं, ती अजून तेच मागत होती, जे नऊ वर्षांची असताना मागत होती.

बापाला तिने कोट घातला, टोपी घातली, मला हातगाडीत ठेवलं आणि आम्हाला जंगलात नेलं. पेट्रेया केव्हाच देवाघरी गेली होती. राखणीला कुणी नवाच माणूस होता. त्याने करवत दिली आणि दूर जाऊन उभा राहिला. टोवे मनाशी धरूनच चालली होती, की म्हातारा एस्बेनच्या आठवणीने एखाद्या मोठ्या झाडापाशी अडून बसेल किंवा रडेल. ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणाल ते घेऊ. हे मोठं चालेल?"

आक्सेल थांबला. मान हलवली. "छे छे. मोठं नको. माझ्या टोवेचे हात लहान आहेत. तिचा गाल ओरखडतो."

टोवेचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे गेला.

तो ओळीतून पुढे गेला, वाकून वाकून बघत, आणि कमरेएवढ्या एका झाडापाशी गुडघ्यावर बसला. "हे बघा, हे तिला पुरेल." मग वर बघून अगदी आर्जवाने म्हणाला, "बाई, जरा लवकर कापता का? पोरगी घरी एकटी आहे. मी तिचा हात सोडून आलो. गाणं तिला पाठ आहे हो, पण मी सूर लावल्याशिवाय ती सुरू कशी करणार?"

"बाबा," टोवे म्हणाली, "मी आहे ना. मीच टोवे."

त्याने तिच्याकडे निरखून बघितलं. सौजन्याने हसला, परक्या माणसाशी हसतात तसं. "तुमचंही नाव टोवे? गोड नाव आहे. माझी मात्र लहान आहे. एवढीशी." आणि त्याने हाताने उंची दाखवली.

टोवेने डोळे पुसले. करवत बुंध्याला लावली. "चला," ती म्हणाली, "तिला फार वेळ ताटकळत ठेवायला नको."

नाताळची संध्याकाळ झाली. ते इवलंसं झाड माझ्यात उभं राहिलं. मेणबत्त्या पेटल्या. माझ्यासमोर पायांच्या दोन जोड्या आल्या, दोन्ही थकलेल्या. आक्सेलने उजवा हात टोवेच्या हातात दिला आणि डावा हात बाजूला, खाली, लहान मुलीच्या उंचीवर उघडा धरला. दाराकडे बघत राहिला. मग त्याने श्वास घेतला.

आणि तो गायला. आवाज चिरफाळलेला होता, मधेच शब्द निसटत होते, पण सूर जागेवर होता. गोठ्यात जन्मलेल्या बाळाचं ते गाणं त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं आणि पाय माझ्याभोवती फिरू लागले. त्याच्या उजव्या हाताला धरून टोवे चालत होती, आणि डाव्या हाताला त्याने टोवेसाठीच जागा राखली होती. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते गाणं तिला मिळालं, पण ज्या टोवेसाठी तो गात होता ती हीच, हे गाणाऱ्याला ठाऊक नव्हतं. ती रडत होती. तिच्या आसवांचे थेंब माझ्या पेल्यात पडत होते. पण ती थांबली नाही, कारण तो थांबला असता.

"बघा," गाणं संपल्यावर तो डाव्या बाजूला वाकून म्हणाला, "आली की नाही माझी पोर!" आणि त्या मोकळ्या हवेतला हात त्याने घट्ट मिटला.

पुढच्या नाताळाला आक्सेल नव्हता. घर विकलं गेलं. मी आता टोवेच्या कोपनहेगनच्या घरात खिडकीखाली आहे. ती झाड आणत नाही. अधूनमधून माझ्या स्क्रूंत तेल घालते, आणि घालताना तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणते. मला सूर ओळखू येतो.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. कुणाचा हात धरणं मला जमत नाही, मी फक्त बुंधा धरतो. तुम्हाला दोन हात दिले आहेत देवाने. घरातून कुणी गेलं असेल, तर त्याच्यासाठी रडा, त्याचं नाव घ्या, वाटलं तर त्याची जागाही राखा. पण राखताना एकदा खाली बघा. तिथे कुणीतरी लख्ख बूट घालून हात पुढे करून उभं असेल. आणि तुम्हीच ते लहानसं कुणी असाल, तर ही माझी कथा घरातल्या मोठ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. त्यांचा हात आधी धरून ठेवा आणि मग वाचा. तुमचा हात त्या उंचीवर फार दिवस राहणार नाही.